नुसती वाळू

ऑगी थॉर्सन आयुष्यात फारसा खोटं बोलला नव्हता, असं त्याचं स्वतःबद्दल प्रामाणिक मत होतं. समुद्राबद्दल मात्र तो रोज खोटं बोलायचा. पण ते न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर कुणी खोट्यात धरत नाही. धक्क्यावर कुणी विचारलं, "काय रे, एवढे कुठे मिळाले?" तर उत्तर ठरलेलं, "कुठे काय? तिकडे काही नाही. नुसती वाळू." विचारणाऱ्यालाही हे आधीच ठाऊक असतं. उद्या तोच प्रश्न त्याला आला की तोही हेच सांगणार असतो.

गंमत म्हणजे हे उत्तर बहुतेक ठिकाणी खरंच असतं. त्या किनाऱ्यापासून पूर्वेला मैलोन्‌मैल तळ म्हणजे सपाट वाळू. उन्हाळ्यात मासे काठाशी, खाडीत, पुलाच्या खांबांशी लोळत असतात, तेव्हा त्यांना सुट्टीवर आलेला कुणीही सोम्यागोम्या पकडतो. थंडी पडली की काठचं पाणी इतकं गारठतं की मासा सुन्न व्हायला लागतो. मग काळे बास, पॉर्गी, लेपीसारखे चपटे फ्लूक असे सगळे खोल पाण्याकडे निघतात, जिथे थोडी ऊब टिकून असते. वाटेत थांबायला आसरा लागतो आणि त्या उघड्यावाघड्या वाळूवर आसरा म्हणजे बुडालेली जहाजं. ज्या कॅप्टनकडे अशा जहाजांचे आकडे, म्हणजे अक्षांश-रेखांश, त्याची बोट डिसेंबरात भरलेली. ज्याच्याकडे नाहीत तो गिऱ्हाइकांना दिवसभर गारठवून आणतो आणि पुढच्या शनिवारी एकटाच कॉफी पीत बसतो.

ऑगीकडे आकडे होते. सगळ्यात चांगले आकडे त्याचे एकट्याचे नव्हते, त्याच्या आणि वॉल्ट सोबोलेव्स्कीच्या सामाइकात होते.

अठ्ठ्याऐंशी साली एका ट्रॉलरवाल्याचं जाळं तीस मैलांवर तळाशी कशाला तरी अडकून फाटलं होतं. पुन्हा तिकडे जायला नको म्हणून त्याने शिव्या घालत ती जागा वहीत टिपून ठेवली. वॉल्टने त्याला रमचा एक खोका देऊन ती ओळ उतरवून घेतली. मग वॉल्ट आणि ऑगी भर फेब्रुवारीत चार दिवस त्या पाण्यात शेतात नांगर फिरवावा तसे मागे-पुढे फिरले. चौथ्या दिवशी खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर सपाट रेघेतून एकदम उंचवटा वर आला. जुनं मालवाहू जहाज होतं, आडवं पडलेलं, कधी बुडालं कुणास ठाऊक. वॉल्टने त्याला बायकोचं नाव दिलं, आयरीन.

"लोक बायकोला दागिना देतात," आयरीन पुढे तीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मला यानं जहाज दिलं. तेही बुडालेलं."

हे जहाज शिसं खायचं. गळाच्या दोरीला लावलेलं शिसं तळाशी गेलं की गंजक्या पत्र्यांत, फासळ्यांत, शिडीत अडकायचं आणि तुटायचं. एका फेरीत वीस-पंचवीस सहज जायची. म्हणून आयरीन घरीच शिसं ओतायची. गॅरेजमध्ये जुनी शेगडी, गाड्यांच्या चाकांना लावतात ती टाकाऊ शिशाची वजनं वितळवायची, साच्यात ओतायची, थंड झाली की डब्यात. हिवाळाभर तिचं हेच काम. वॉल्ट घरी आला की दारातूनच ओरडायचा, "तुझ्या नावाची बाई आज अठ्ठावीस खाऊन बसली!"

"मग मासे किती दिले तिनं?" ती आतून विचारायची.

ऑगीने हा संवाद शेकडो वेळा ऐकला होता, कारण गुरुवारी संध्याकाळी तो त्यांच्याकडे जेवायला असायचा. त्याची स्वतःची बायको कधीच निघून गेली होती आणि तिची काही चूक नव्हती असं तो सांगायचा. गुरुवारचं सॉसेज आणि कोबी, वॉल्टची बडबड, आयरीनचे टोमणे, एवढंच त्याला घर म्हणून उरलं होतं. बाकीचे सहा दिवस तो डब्यातलं सूप गरम करायचा.

वॉल्टचं माशांबद्दल एक मत होतं आणि ते तो दर गुरुवारी नव्याने सांगायचा. "लोक समजतात थंडीत मासे दक्षिणेला जातात. आपल्या म्हाताऱ्यांसारखे, फ्लोरिडाला. छट्! ते सरळ पूर्वेला जातात. आपल्याच समोर असतात, फक्त खोल. आणि टॉग तर बघ, तो काळा म्हातारा, जाड ओठांचा, तो फार लांब जातही नाही. एखाद्या जहाजाच्या बॉयलरमध्ये जाऊन बसतो. हलत नाही, बोलत नाही, दारात खेकडा आला तर खातो. मी मेलो की मला तसं ठेवा."

"आत्ता तरी कुठे वेगळा आहेस?" आयरीन म्हणायची.

मग त्याला कॅन्सर झाला. दोन वर्षं त्याने काढली. बोट विकली, तब्येत बरी असेल तेव्हा ऑगीच्या 'क्लारा टी' बोटीवर येऊन बसायचा. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात त्याने ऑगीचा हात धरला. हात धरण्यातले ते दोघे नव्हते, त्यामुळे ऑगीला काय करावं कळेना.

"आयरीनवर सोड मला," वॉल्ट म्हणाला. "मागच्या बाजूला, शिडीपाशी. टॉग असतात तिथे. आणि तिला घेऊन जा. तिच्या नावाची जागा तिनं कधी पाहिली नाही."

"नेतो."

"नक्की?"

"अरे, नेतो म्हटलं ना. झोप आता."

हे वचन ऑगीने मनापासून दिलं होतं. त्याबद्दल शंका नको.

*

घोड्याने पेंड खाल्ली ती डॅरनपाशी.

डॅरन पिकानो म्हणजे वॉल्टचा जावई. लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा, अबोल, चाळिशीचा. त्याच्याकडे सव्वीस फुटांची पांढरी बोट होती, मागे दोन इंजिनं. ऑगीच्या हिशेबी अशा बोटींनी समुद्राचं वाटोळं केलं होतं. यांना ना वारा कळतो ना पाणी. यांच्या हातात फोन असतो, फोनमध्ये नकाशा असतो आणि पडद्यावर बोट टेकवलं की जागा कायमची टिपली जाते. आठ वर्षांपूर्वी एका गोड बोलणाऱ्या गिऱ्हाइकाने ऑगीचं एक जहाज असंच टिपून नेलं होतं. पुढच्या शनिवारी तिथे अकरा बोटी होत्या. दोन हिवाळ्यांत ते जहाज धुतल्या भांड्यासारखं रिकामं झालं. त्या दिवसापासून ऑगीने कानाला खडा लावला. जहाजाच्या जवळ आलं की तो केबिनमधल्या नकाशाच्या पडद्यावर काळा टॉवेल टाकायचा आणि गिऱ्हाइकांचे फोन एका बादलीत जमा करायचा. लोक हसायचे. मासे लागले की हसायचे थांबायचे.

अंत्यविधीनंतरच्या जेवणात डॅरन हातात कागदी ताटली घेऊन त्याच्याजवळ आला.

"कॅप्टन, आयरीन किती लांब पडेल? म्हणजे, जायला किती वेळ?"

"का?"

"सहज. विचारलं आपलं."

"लांब आहे," ऑगी म्हणाला आणि सॅलड घ्यायला उठला.

पुढचे दोन आठवडे हे "सहज" त्याच्या डोक्यात कुसळासारखं रुतून बसलं. सहज? इतकी वर्षं हा माणूस त्याच्याशी चार वाक्यं बोलला नव्हता आणि सासऱ्याची राख अजून घरात आहे तोवर याला अंतर हवं? डिसेंबरचे शेवटचे पंधरा दिवस ऑगीचे सगळे बास तिथून यायचे. वॉल्ट गेला. आता आयरीन जहाज तेवढं राहिलं होतं, तेही या पोराला द्यायचं?

त्याने ल्युथरला विचारलं. ल्युथर त्याच्या बोटीवर वीस वर्षं होता, पन्नाशी ओलांडलेला, गुडघ्यांनी हैराण.

"फोन घेऊन ठेव ना बादलीत," ल्युथर म्हणाला.

"राख सोडायला आलेल्या माणसाचा फोन मागू? काय सांगू त्याला?"

"मग नको मागूस. जावई आहे वॉल्टचा, चोर थोडाच आहे?"

"सगळेच कुणाचे ना कुणाचे जावई असतात," ऑगी म्हणाला.

*

डिसेंबरच्या मध्याला एक शांत दिवस मिळाला. सकाळी सात वाजता आयरीन धक्क्यावर आली. अंगात वॉल्टचा केशरी रबरी कोट, तो तिला गुडघ्यांपर्यंत येत होता. हातात पोर्क रोलच्या चकत्या, अंडं आणि चीज घातलेल्या पावांची पिशवी, सगळ्यांसाठी. मागे डॅरन. त्याच्या एका हातात वॉल्टची गळाची काठी आणि दुसऱ्या हातात जाड कॅनव्हासची थैली. आणि छातीच्या खिशातून डोकं वर काढलेला फोन. ऑगीने आधी फोन पाहिला, मग थैली.

"पॅम नाही आली?" त्याने लेकीबद्दल विचारलं.

"तिला पाणी सोसत नाही, बापाची मुलगी असून," आयरीन म्हणाली. मग थैलीवर हात ठेवून म्हणाली, "आत बारा शिसं घातलीत, ऑगी. मीच ओतली. वाऱ्यावर उडवायचं, लाटांवर तरंगवायचं, असलं मला नको. सरळ खाली जाऊ दे. जिथे सोडू तिथे राहू दे त्याला."

तेव्हाच त्याने थांबायला हवं होतं. पण माणूस एकदा मनाशी काही ठरवून बसला की त्याला समोरचं ऐकू येत नाही, स्वतःची कारणं तेवढी ऐकू येतात. ऑगी तीन तास सुकाणूवर उभा राहून ती कारणं ऐकत होता. समुद्र एकच आहे. दोन मैलांनी काय बिघडतं? वॉल्टला काय कळणार आहे? उलट वॉल्टच म्हणाला असता, शाब्बास, जागा राखलीस. पुढे एकटा येईन, जहाजावर थांबेन, त्याच्या नावाने दोन घोट घेईन. आयरीनला पाणी दिसेल. पाणी सगळीकडे सारखंच दिसतं.

त्याने टॉवेल पडद्यावर टाकला. आयरीन जहाजापासून दोन मैल नैर्ऋत्येला, एकशे सत्तर फूट पाण्यात, जिथे कधी काही नव्हतं आणि नाही, तिथे त्याने इंजिन मंद केलं.

"आलो," तो म्हणाला.

ल्युथरने दचकून त्याच्याकडे पाहिलं. ल्युथरला पडद्याची गरज नव्हती, त्याला बोटीच्या वळण्यावरून जागा कळायची. ऑगीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो नांगराचा दोर सोडायला निघून गेला.

आयरीन मागच्या कठड्याशी उभी होती. बराच वेळ ती पाण्याकडे बघत राहिली.

"ही मी होय?" ती म्हणाली. "बरी आहे की."

डॅरन हसला नाही. तो फोनकडे बघत होता. मग त्याने फोन खिशात ठेवला, वर पाहिलं, थेट ऑगीकडे, आणि क्षणभर काहीतरी बोलेल असं वाटलं. बोलला नाही. ऑगीच्या मनात आलं, घे, टीप, हवे तेवढे टीप. आणि त्याला आतून बरं वाटलं. ते बरं वाटणं त्याला नंतर कधी विसरता आलं नाही.

प्रार्थना आयरीनने पोलिश भाषेत म्हटली, अर्धी विसरली, पुन्हा सुरू केली. मग दोन्ही हातांनी थैली उचलून तिने कठड्यावरून सोडली. थैली दगडासारखी गेली. बुडबुडेसुद्धा आले नाहीत.

"शिडीपाशी जाईल ना?" तिने विचारलं.

"जाईल," ऑगी म्हणाला.

*

सगळं इथेच आटपलं असतं, पण आयरीनने वॉल्टची काठी मागितली.

"तो म्हणायचा, नव्या माणसानं जहाजावर पहिला गळ टाकायचा. मी नवीच की."

ल्युथरने गळाला शिंपल्याचं मांस लावलं, तिने कोटाच्या खिशातून काढून दिलेलं शिसं दोरीला बांधलं. तिने गळ सोडला. दोरी सरसर गेली, सैल पडली. तिने वॉल्टकडून ऐकलं होतं तसं शिसं जरा उचललं, टेकवलं, उचललं, टेकवलं. पाच मिनिटांनी वर ओढलं. गळाला मांस तसंच, शिसं तसंच. पुन्हा टाकलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा तिने दोरी सोडून दिली आणि बोट वाऱ्याने जशी हळूहळू झुलत होती तसं शिसं तळावरून फरफटू दिलं. काठी हातात धरून ती मान कलती करून उभी होती, जशी कुणी दाराशी उभं राहून आतली चाहूल घेतं.

चौथ्यांदा तिने टाकलं नाही. शिसं दोरीवरून सोडवून घेतलं, डॅरनला "इथेच थांब" म्हणाली आणि एकटी केबिनमध्ये आली.

शिसं तिने ऑगीसमोर ठेवलं. ते चकचकीत होतं, वाळूने घासून निघालेलं.

"किती खोल आहे, ऑगी?"

"एकशे सत्तर."

"आणि जहाज?"

"खाली आहे. आपण जरा सरकलोय. वारा आहे ना."

"मी तीस वर्षं शिसं ओततेय," ती म्हणाली. आवाज वर गेला नव्हता. "किती ओतली असतील, सांग? सात हजार? आठ? एक परत आलं नाही त्या जहाजावरून, की आलं तर ओरखडे घेऊन. वॉल्ट दाखवायचा मला. हे बघ, म्हणायचा, हिनं चावलं. आणि आज मी चार वेळा... तीन वेळा टाकलं, सगळ्या तळावरून फिरवलं, आणि हे बघ. याच्यात मी चेहरा बघू शकते."

तिने हात पुढे करून पडद्यावरचा काळा टॉवेल ओढून काढला. त्याखाली झाकलेल्या खोली दाखवणाऱ्या यंत्रावर तळाची रेघ होती, टेबलाच्या कडेसारखी सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"काय आहे इथे?" तिने विचारलं.

आयुष्यभर जिभेवर असलेलं उत्तर या वेळी त्याच्या तोंडून बाहेर पडायला फार वेळ लागला.

"काही नाही. नुसती वाळू."

ती खाली बसली. बाकावर नव्हे, दाराच्या पायरीवर.

"डॅरनच्या हातात फोन होता," तो म्हणाला. बोलताना त्याला स्वतःलाच ते कसं ऐकू येतंय ते कळत होतं, पण थांबता येईना. "त्यानं त्या दिवशी विचारलं, किती लांब आहे म्हणून. तुला माहीत नाही आयरीन, हे लोक... एकदा टिपलं की संपलं. वॉल्टनं आणि मी ते इतकी वर्षं..."

"त्यानं माझ्यासाठी विचारलं, मूर्खा. मला दर तासाला बाथरूमला जावं लागतं. तुझ्या बोटीवर आहे की नाही ते बघून घेतो म्हणाला होता तो."

ऑगी टॉवेलाची घडी घालायला लागला.

"आणि फोनचं म्हणशील तर त्याच्याकडे आकडे आहेत. दोन वर्षं आहेत. पहिल्या केमोच्या आठवड्यात वॉल्टनंच दिले, माझ्यासमोर. म्हणाला, ऑगी बोट चालवतोय तोवर तिकडे फिरकायचं नाही. त्याच्या पोटावर पाय नको. आणि तो फिरकला नाही. दोन हिवाळे दारात बोट बांधून बसला. एकदा पॅम म्हणाली, जा ना एक दिवस, कोण बघतंय. तर तिच्यावर भडकला."

बाहेर डॅरन कठड्याला टेकून उभा होता, हात खिशात. ऑगीला आठवलं, इंजिन मंद केल्यावर हा फोनकडे बघत होता. म्हणजे त्याला तेव्हाच कळलं होतं. थैली हातात असतानाच कळलं होतं.

"मग बोलला का नाही तो?" ऑगी जवळजवळ ओरडलाच. "एक शब्द बोलला असता!"

"त्यालाच विचार."

ऑगी बाहेर गेला. डेकवरची ती बारा पावलं त्याला फार लांब वाटली. त्याने डॅरनला तेच विचारलं.

डॅरनने खांदे उडवले. "मला वाटलं, वॉल्टनं तुम्हाला काही वेगळं सांगितलं असेल. तुमचं तीस वर्षांचं होतं. मागच्या बाजूला, शिडीपाशी, अमुक तमुक. एखादी जागा असेल तुम्हा दोघांची, मला न सांगितलेली." मग तो म्हणाला, "तुम्ही त्याला भलतीकडे सोडाल, असं कशाला येईल माझ्या डोक्यात, कॅप्टन?"

ऑगीला कुणी थोबाडीत मारली असती तर ती त्याने आनंदाने घेतली असती. मारायला कुणी तयार नव्हतं. ल्युथर दोर गुंडाळत होता, मान वर न करता.

तो परत केबिनमध्ये आला. आयरीन तशीच पायरीवर बसली होती, कोटाच्या बाह्या हातांवर ओघळलेल्या.

"चल," तो म्हणाला. "आत्ता नेतो तुला. दहा मिनिटं लागतील. तिथे थांबू, हवं तेवढं थांबू. जहाजाच्या बरोबर वर नेतो. ऐक माझं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं.

"तिथे कशाला?" ती म्हणाली. "तो इथे आहे."

मग तिने पिशवीतून पावाभोवतीचा कागद काढला, गुडघ्यावर सारखा केला आणि त्याच्यापुढे धरला. "इथले आकडे लिहून दे."

ऑगीने आयुष्यात स्वतःच्या हाताने कुणालाही आकडे लिहून दिले नव्हते. सख्ख्या भावालाही नाही. त्याने पेन घेतलं आणि त्या तेलकट कागदावर अक्षांश लिहिले, रेखांश लिहिले, दशांशापर्यंत, सुवाच्य अक्षरात. पेन तेलावरून घसरत होतं म्हणून काही अंक दोनदा गिरवावे लागले. तिने कागदाची घडी घालून कोटाच्या आत ठेवली.

परतीला तीन तास लागले. पाव तसेच राहिले. धक्क्यावर उतरताना ऑगीने हात पुढे केला. तिने डॅरनचा धरला.

त्या गुरुवारी तो सहा वाजेपर्यंत फोनपाशी बसला. मग सूप गरम केलं. पुढच्या गुरुवारी गाडी काढून त्यांच्या गल्लीपर्यंत गेला. गॅरेजचं दार उघडं होतं, आत दिवा होता. शेगडी, साचे, डबे सगळं तिने बाहेर कचऱ्याच्या गाडीसाठी काढून ठेवलं होतं. तो गाडीतून उतरला नाही.

*

पुढच्या डिसेंबरात, नेमका तोच आठवडा, 'क्लारा टी' आयरीन जहाजावर नांगर टाकून उभी होती. बावीस गिऱ्हाइकं. मासे असे लागले होते की ल्युथरला मान वर करायला फुरसत नव्हती. मोठे काळे बास, मधूनच एखादा कॉड, आणि मागच्या बाजूला, शिडीपाशी, जाड ओठांचे टॉग. जहाज शिसं खात होतं. ऑगीने दुकानातून चार खोके आणले होते, ती फिकी, गुळगुळीत, सगळी एका मापाची. फोन बादलीत घ्यायचं त्याने बंद केलं होतं. गिऱ्हाइकं म्हणायची, म्हातारा सुधारला. टॉवेल खुंटीवर होता.

पेनसिल्व्हेनियाहून आलेला एक बडबड्या माणूस सकाळपासून त्याच्या केबिनच्या दाराशी ठाण मांडून होता. अकराच्या सुमारास तो म्हणाला, "कॅप्टन, ते बघा. तिकडे कुणीतरी थांबलंय."

नैर्ऋत्येला, दोन मैलांवर, एक पांढरा ठिपका होता. ऑगीने दुर्बीण घेतली. सव्वीस फुटांची बोट, मागे दोन इंजिनं, दोन्ही बंद. डॅरन उघड्या डोक्याने सुकाणूशी उभा. मागे कठड्याशी केशरी कोट, गुडघ्यांपर्यंत. गळ नव्हता, काठी नव्हती. तिथे जाताना त्यांना 'क्लारा टी' दिसली असणारच. सकाळी केव्हातरी, सगळे माशांत गुंतलेले असताना ते गेले असतील. हात करायला थांबले नाहीत.

ऑगीने रेडिओचा माइक हातात घेतला. त्या बोटीचं नाव त्याला माहीत होतं. अंगठा बटणावर होता. काय बोलायचं ते त्याने वर्षभर ठरवलेलं होतं, रोज थोडं बदलून. त्यातलं एकही वाक्य आठवेना. त्याने माइक परत अडकवला.

"मी तासभर बघतोय, हललेले नाहीत," पेनसिल्व्हेनियावाला म्हणाला. "जबरदस्त जागा दिसतेय. काय आहे तिथे? आपणही जाऊ या का नंतर?"

"नाही," ऑगी म्हणाला. "तिकडे काही नाही. नुसती वाळू."

तो माणूस मोठ्याने हसला आणि त्याने ऑगीच्या पाठीवर थाप मारली.

"अहो, सगळे कॅप्टन हेच सांगतात!"

ऑगीने दुर्बीण खाली ठेवली. मागून ल्युथर ओरडत होता, शिसं संपत आली म्हणून.